उत्तरेकडे डोकं

माझा स्वभाव तापट आहे, हे आमच्या बिल्डिंगमधलं कोणीही सांगेल. आडपडदा मात्र मला जमत नाही. तेव्हा जे सांगायचं ते आधीच सांगून टाकते. त्या वर्षी दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत माझा नवरा माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू मरणाच्या दारात चालला होता. मी रोज दुपारी एक तास त्यांच्याकडे टक लावून बघत होते आणि जे दिसत होतं ते रंगवत होते. मला वाटत होतं, आपला हात सुधारतोय.

दोन हजार सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. गिरगावातली खोली सोडून आम्ही भाईंदरला, जेसल पार्कात राहायला आलो त्याला तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती. चौथा मजला, लिफ्ट नाही, पण हॉलची खिडकी थेट खाडीकडे उघडणारी. मी एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होते. तिथे नवीन यंत्र आलं आणि मला वेळेआधी घरी पाठवलं. ह्यांच्या कंपनीने ह्यांना त्याच्या आदल्याच वर्षी घरी बसवलं होतं. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेलेली. उरलो आम्ही दोघं आणि समोर अख्खा दिवस. हे पेपर वाचायचे, मग तोच पेपर पुन्हा वाचायचे. मी भांडायचे. पण माणूस भांडून भांडून किती भांडणार?

शाळेत असताना मी चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा चांगल्या पास झाले होते. पुढे शिकायचं होतं, पण वडिलांनी "डोंबलाची चित्रकला" म्हणून टायपिंगला घातलं. ती खुमखुमी तशीच आत राहिली होती. मग एकदा पावसाच्या आधी सुके बोंबील आणायला आम्ही दोघं उत्तनला गेलो. रस्त्याच्या कडेला एका क्रुसाला शिडी लावून एक म्हातारा वर चढला होता आणि क्रुसावरच्या येशूच्या गुडघ्याची जखम रंगवत होता. मी खाली उभी राहिले. ह्यांच्या हातातली पिशवी उन्हात वास मारायला लागली तरी हलले नाही. म्हाताऱ्याने आधी जखमेच्या भोवती हिरवट रंग फिरवला, मग आत लाल भरला, आणि तो लाल एकदम ओला दिसायला लागला. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"मला शिकवाल का?" मी खालूनच विचारलं.

"कशाला?" तो वरूनच म्हणाला.

"मला येत नाही म्हणून."

तेव्हा त्याने पहिल्यांदा खाली बघितलं. "मंगळवारी ये, बाय," म्हणाला.

तेच माझे मास्तर. होड्यांवर नावं आणि नंबर काढणं हा त्यांचा धंदा. त्याशिवाय गावातले क्रूस, घराघरांतल्या मूर्ती, गुड फ्रायडेला बाहेर काढतात ती मेलेल्या येशूची लाकडी मूर्ती, हे सगळं तेच रंगवायचे. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. घराच्या मागे मासळी वाळत घालायच्या बांबूच्या मांडवांशेजारी एक पत्र्याची खोली, तीच त्यांची रंगशाळा. जवसाचं तेल, टर्पेंटाइन आणि बोंबील ह्यांचा एकत्र वास मी पुढे कितीतरी दिवस साडीतून घरी आणत होते.

मला काढायची होती फुलं. मास्तर म्हणाले, "फुलात चूक लपते. अंगात लपत न्हाय." त्यांनी भिंतीवरचं एक मोठं छापील चित्र काढून माझ्यापुढे टेकवलं. कोणा फादरनी फार वर्षांपूर्वी परदेशातून आणलेलं. मूळ चित्र तीन-साडेतीनशे वर्षांचं. सगळीकडे मिट्ट काळोख. मध्ये दगडावर, पांढऱ्या कापडावर, क्रुसावरून उतरवलेला येशू आडवा. उजेड त्याच्या डोक्यामागून येऊन छातीवर पडलेला. एक बाई उशाशी, आणि पायाशी एक म्हातारा दिवा धरून वाकलेला. बस्स, एवढंच. पण त्या चित्राकडे बघताना खोलीत आपल्या मागे कोणीतरी उभं आहे असं वाटायचं. मी दोनदा मागे वळून बघितलं होतं. मास्तर हसले. म्हणाले, सगळेच बघतात.

"ह्याची कॉपी कर. चांगली झाली तर गुड फ्रायडेला आमच्या क्रुसापाशी लावू."

बाई गं, ते ऐकलं आणि मला दुसरं काही दिसेना. पन्नाशीतली मी, हाकललेल्यासारखी ऑफिसातून घरी आलेली, आणि माझं चित्र कुठेतरी लागणार, लोक त्याच्यापुढे मेणबत्त्या लावणार! मी आमच्या हॉलमध्ये स्टँड ठोकून घेतला आणि सुरुवात केली.

मास्तरांची पद्धत अशी, की पहिल्यांदा सगळं चित्र एका मातकट हिरव्या रंगात पुरं करायचं. माणसं, कपडे, दगड, सगळं. त्याला ते मेलेला थर म्हणत. मग त्याच्यावर पातळ लाल, पातळ पिवळा असे एकावर एक थर देत एकेकाला जिवंत करायचं. उशाशी बसलेली बाई जिवंत करायची, दिवेवाला म्हातारा जिवंत करायचा. मधला आडवा माणूस मात्र करायचा नाही. तिथे कुठे आणि किती थांबायचं, ते येणं म्हणजे चित्र येणं.

अडचण अशी, की त्या छापील चित्रावर वर्षानुवर्षं धूर बसून अंग नुसतं तपकिरी झालं होतं. काही कळत नव्हतं. मास्तर म्हणाले, "ह्याच्यात बगू नको. घरात पुरुष हाय ना? त्याला निजव आणि बग."

"पण तो जिवंत आहे मास्तर," मी म्हटलं.

"मग जित्ताच काढ. जसा दिसतोय तसा काढ, डोक्यानं काय करू नको. दर मंगळवारी एक पुठ्ठा रंगवून घेऊन ये. जित्ता कुटं ऱ्हायलाय ते मी दाखवतो."

ह्यांना सांगितलं तर हे खूश. आयतं लोळायला मिळत होतं. पलंगावर उजेड सपाट पडायचा, म्हणून मी ह्यांना खाली जमिनीवर घेतलं, पांढऱ्या चादरीवर. उजेड डोक्यामागून यायला हवा आणि आमची खिडकी खाडीकडे, म्हणजे उत्तरेला. तेव्हा डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला. आपल्यात माणूस गेल्यावर त्याला असं ठेवतात. जिवंत माणूस चुकून असा झोपला तर घरातलं कोणीतरी त्याला उठवून फिरवतं. मला हे माहीत नव्हतं असं नाही. मी दुसऱ्या बाजूने करून बघितलं, पण उजेड नाकपुड्यांत शिरायचा. उजेडापुढे माझं काही चालेना.

"आता फक्त तुळशीपत्र घाल तोंडात," हे म्हणाले.

"तोंड बंद ठेवा. मेलेला माणूस बडबडत नाही."

पहिल्या दिवशी पाच मिनिटांत ह्यांना नाक खाजवायचं होतं. मग पाय. मग म्हणे डास. मी वैतागून ब्रश फेकला होता. तरी त्या आठवड्याचा पुठ्ठा झाला, आणि मंगळवारी मी तो फळांच्या लाकडी खोक्यात घालून, ओला रंग कोणाच्या शर्टाला लागू नये म्हणून पोटाशी धरून, उत्तनच्या बसमधून घेऊन गेले. मास्तरांनी ब्रशच्या मागच्या टोकाने दाखवायला सुरुवात केली. "हितं बग. कानाची पाळी लाल हाय. बोटांची टोकं. ओठ. टाच. अजून चांगला जित्ता हाय हा." मला हसू आलं. म्हटलं, हो, आणि दुपारी दोन वाट्या आमटी प्यायलाय.

दिवाळी झाली. मास्तरांनी सांगितलं, पायाशी दिवा हवा, विजेचा चालत नाही, ज्योत पाहिजे. घरात दिवाळीच्या पणत्या होत्याच. एक लावली आणि ह्यांच्या तळव्यांपाशी ठेवली. टर्पेंटाइनच्या वासाने ह्यांचं डोकं चढायचं, म्हणून मी बाहेरचं दार उघडं ठेवत असे.

एक दिवस मी टाचेचा रंग लावत होते. मागे काहीतरी सळसळलं, पण मी लक्ष दिलं नाही. मग कोणीतरी मागून माझ्या खांद्यांना मिठी मारली आणि हुंदका दिला. वळून बघते तर दारात आठ-दहा माणसं उभी. सेक्रेटरी, पहिल्या मजल्यावरचे दोघे भाऊ, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. सगळ्यांच्या माना खाली. बाहेर पायपुसण्यापाशी चपलांची रांग. समोरच्या गुजराती बेनने उघड्या दारातून बघितलं होतं: चादर, उत्तरेला डोकं, पायाशी पणती. ती आवाज न करता खाली जाऊन सगळ्यांना सांगून आली होती. सेक्रेटरी हळूच म्हणाले, "वहिनी, पुण्याला कळवलंत का?"

तेवढ्यात ह्यांनी एक डोळा उघडला आणि विचारलं, "काय झालं? कोण गेलं?"

काकू किंचाळल्या. एक भाऊ मागे सरकला तो चपलांवर पडला. मग सगळे हसले, मीही हसले, चहा झाला. पण ते हसणं खोटं होतं. चहा पिताना ह्यांच्याकडे कोणी सरळ बघत नव्हतं. जाताना बेन माझा हात धरून म्हणाली, "भाभी, ऐसा नहीं करने का. मैं तो सच्ची में घबरा गई. भाई का मुँह का कलर ही ऐसा था."

आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "वो लाइट की वजह से है." मला शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं होतं. तोंडाचा रंग खरा वाटला, म्हणजे माझी उजेडाची मांडणी जमली. दुसऱ्या दिवशी तिने न बोलता शिरा आणून दिला, तो मी आवडीने खाल्ला.

त्यानंतर बिल्डिंगमध्ये ह्यांच्याभोवती काहीतरी विचित्र झालं. जिन्यात भेटलेला माणूस भिंतीला चिकटून ह्यांना वाट द्यायचा. सेक्रेटरी "काय म्हणता?" विचारायचे, पण ह्यांच्या पायांकडे बघून. ज्याच्यासाठी एकदा रडून झालं, त्याच्याशी पाणी येण्याच्या वेळेबद्दल कसं बोलायचं, हे कोणाला कळेना. हेही मग खाली जाईनासे झाले. संध्याकाळी खाडीपर्यंत चक्कर असायची, तीही बंद झाली. म्हणायचे, जिना चढताना दम लागतो, गुडघे दुखतात. गुडघ्यांसाठी हे स्वतःच मेडिकलमधून गोळ्या आणून खात असत. मी कधी विचारलं नाही किती खाता. खरं सांगते, हे घरी राहतात ते मला बरंच वाटत होतं. तीनच्या ठोक्याला मॉडेल हजर.

आणि मॉडेलही आता कसलं! खाजवणं बंद, डास बंद. तासभर पापणी हलत नव्हती. मी मध्येच "अहो" म्हणायचे, आणि हे तोंड न उघडता "हं" म्हणायचे. तो "हं" आधी लगेच यायचा. डिसेंबरात त्याला वेळ लागायला लागला. मी "अहो" म्हणायचे आणि ब्रश हवेत धरून थांबायचे. बाहेर खाडीवरून पुलावरच्या गाडीचा आवाज यायचा, जायचा, आणि मग खूप आतून "हं." त्या मधल्या वेळात मी ह्यांची छाती हलतेय का ते बघायचे. पण "हं" आला की मी लगेच पुन्हा कामाला लागत असे. उजेड जात होता ना.

मास्तर दर मंगळवारी पुठ्ठा बघायचे. दाखवण्याच्या जागा कमी होत चालल्या होत्या. "टाच जमली," म्हणाले. पुढच्या वेळी, "ओठ जमले." मग, "कान बराय, जराच जित्ता हाय." माझी छाती फुगायची. बसमधून येताना मुर्धा, राई ही गावं कधी मागे पडायची कळायचं नाही. मी मनातल्या मनात गुड फ्रायडे बघत असायचे.

एकदा हे म्हणाले, "आज नको गं. अंगात त्राण नाही."

"काय मोठा गड चढून आलात? पडूनच तर राहायचंय!"

हे मुकाट्याने चादरीवर जाऊन पडले. हे वाक्य मी बोलले आहे. आणखी एक सांगते. जानेवारीच्या सुरुवातीला मला नखांचा रंग सापडत नव्हता. मी ह्यांचा हात उचलला आणि पॅलेटवरच्या रंगाशेजारी धरला. पांढऱ्यात थोडा मातकट हिरवा, थोडा पिवळा, एवढंच. लालचा टिपूससुद्धा नाही. नख आणि रंग, दोन्ही एक दिसत होते. हात गार होता आणि जड होता. मला आनंद झाला. हो, आनंद. मी तो हात खाली ठेवला, भांडं ठेवावं तसा, आणि भराभर रंगवायला बसले. त्या दिवशी मध्ये "अहो" म्हणायचंसुद्धा मला सुचलं नाही. लिहितानासुद्धा मला माझी किळस येते.

संक्रांतीनंतरच्या मंगळवारी मी बारावा पुठ्ठा नेला. खांद्यापासून चेहऱ्यापर्यंत, आणि छातीवर ठेवलेला हात. मला माहीत होतं की हा सगळ्यांत चांगला झालाय. मास्तरांनी तो दाराजवळ उजेडात नेला. ब्रशचं टोक उचललं, कानापाशी नेलं, बोटांपाशी नेलं, ओठांपाशी नेलं, आणि कुठेच टेकवलं नाही.

"लाल कुटं गेला?"

"नाहीच आहे," मी ऐटीत म्हटलं.

"तू डोक्यानं काढलास का बगून काढलास?"

मला रागच आला. "मास्तर, तुम्हीच म्हणालात ना, दिसेल तसं काढ? मला जे दिसलं ते काढलं. एवढे दिवस काय झक मारली का मी? आता मला दिसायला लागलंय."

मास्तर आत गेले आणि माझे आधीचे अकरा पुठ्ठे घेऊन आले. ते सगळे त्यांनी ठेवले होते, मला वाटलं होतं की फेकले असतील. त्यांनी ते भिंतीशी एका ओळीत उभे केले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि बाजूला झाले.

पहिल्या पुठ्ठ्यावर माझा नवरा झोपल्याचं सोंग करत होता. कान लाल, ओठांच्या कोपऱ्यात दाबलेलं हसू. दुसऱ्यावर तसाच. चौथ्यावर टाच फिकी. सहाव्यावर ओठ. मग गालाखाली खड्डा, डोळ्यांखाली पिवळट सावली. नवव्यावर नाक धारदार झालेलं. तोच माणूस, तीच खिडकी, तोच दुपारचा तास, आणि एकेका पुठ्ठ्यागणिक त्याच्यातलं काहीतरी कोणीतरी काढून नेत होतं. सगळं माझ्या हाताने, जसंच्या तसं.

"मी काय सांगलं व्हतं, बाय? जित्त्या माणसात लाल ऱ्हातोच. कितीबी निजव," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "मना वाटलं तू शिकतेस. मीबी आंधळाच. मेलेल्याचा रंग येगला असतो, तो सगळीकडं सारका. हा सारका न्हाय. हा उतरत चाललाय. माजी बायको अशीच उतरली. हा घरी हाय का आता?"

"घरी एकटे आहेत."

"मग उबी काय ऱ्हायलीस? जा!"

पुठ्ठे, खोका, पर्स, काही घेतलं नाही. मास्तरांनीच माझ्या मुठीत बसचे पैसे कोंबले. त्या बसमध्ये मी एक भयंकर गोष्ट बघितली, म्हणजे खरं तर काहीच नाही. खिडकीतून ऊन आत येत होतं आणि सगळ्यांचे कान लाल दिसत होते. कंडक्टरचे, मासळीवालीचे, तिच्या मांडीवरच्या तान्ह्या बाळाचे. अख्खी बस लाल कानांची. मी स्वतःचा कान चाचपून बघितला, तो गरम होता. मला ओरडावंसं वाटत होतं की लवकर चालवा.

चार मजले कशी चढले माहीत नाही. लॅचची किल्ली पर्समध्ये, पर्स उत्तनला. बेनकडे एक किल्ली असायची, ती तिने माझा चेहरा बघूनच दिली. दार उघडलं. तीन वाजून गेले होते. ह्यांनी स्वतःच चादर अंथरली होती, पणतीसुद्धा लावली होती, आणि उत्तरेकडे डोकं करून पडले होते. मी रोजच्यासारखी येईन म्हणून वेळेवर तयार होऊन पडले होते.

"अहो," मी म्हटलं.

काही नाही.

"अहो!"

बेन माझ्या मागे उभी होती. तिने तोंडावर पदर धरला होता. मी गुडघ्यांवर बसले, पणती हाताला लागून लवंडली. मी तिसऱ्यांदा काय ओरडले मला आठवत नाही, बहुतेक शिवी दिली.

"हं," हे म्हणाले. मग डोळे न उघडता, "उशीर झाला तुला."

त्यांना उठून बसता येईना. बेन खाली धावली. त्या दिवशी माना खाली घालून आलेली तीच माणसं वर आली, चपला न काढता, आणि त्यांनी ह्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चार मजले खाली उतरवलं. सेक्रेटरींनी रिक्षा थांबवली होती. हॉस्पिटलात डॉक्टरने ह्यांची खालची पापणी बोटाने ओढली. आत सगळं पांढरंफटक. गुडघ्यांच्या गोळ्यांनी पोटात जखम केली होती आणि महिनोन्‌महिने रक्त थेंबाथेंबाने आतल्या आत जात होतं. अंगात जेमतेम चौथाई रक्त उरलं असेल, डॉक्टर म्हणाला. अजून आठ दिवस गेले असते तर इथे आणायची गरज पडली नसती.

"घरात कोण कोण असतं?" त्याने विचारलं.

"मी असते."

"तुमच्या लक्षात नाही आलं? असा रंग काही एका दिवसात होत नाही."

कोणी मला असं बोललं असतं तर एरवी मी त्याला सोडला नसता. तेव्हा मी फक्त मान खाली घातली.

बाटल्यांवर बाटल्या रक्त चढलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ह्यांच्या आवाजात जोर आला. चहा मागितला, मिळाला नाही म्हणून नर्सवर चिडले. मी मनात म्हटलं, वाचले. आणि जीव भांड्यात पडल्याबरोबर माझा सगळा संताप बाहेर आला, तोही ह्यांच्यावर.

"तुम्हाला कळत होतं ना? दम लागत होता, पोटात आग पडत होती, संडासला काळं होत होतं, सगळं आता डॉक्टरला सांगताय. मला सांगायला काय झालं होतं? तोंड शिवलं होतं का तुमचं?"

हे छताकडे बघत होते.

"रागावू नकोस," म्हणाले. "वाटायचं मला, काहीतरी बिघडलंय. पण तू रोज तासभर माझ्याकडे बघत होतीस. एवढं तर लग्न झाल्यापासून कधी बघितलं नव्हतंस. म्हटलं, खरंच काही असतं तर हिला दिसलंच असतं. ही काही बोलत नाही, म्हणजे सगळं ठीक आहे."

शेजारच्या कॉटवरच्या माणसाचा रेडिओ चालू होता. तो बंद व्हावा असं मला फार वाटलं.

"मला दिसत होतं," मी म्हटलं.

"काय?"

"सगळं. कान पांढरे झाले ते दिसलं, नखं फिकी पडली ती दिसली. मला वाटलं, मला रंग कळायला लागला. मला आनंद होत होता हो."

हे म्हणाले, "म्हणजे चित्र चांगलं झालं असेल."

टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"झालंय," मी म्हटलं. "आयुष्यात एवढं चांगलं मला काही जमलं नाही."

ह्यांनी मान हलवली. मग सुई टोचलेला हात सावकाश उचलून डोळ्यांवर आडवा धरला.

"जरा तिकडे तोंड कर ना," म्हणाले. "थोडा वेळ. बघू नकोस माझ्याकडे."

मी स्टूल फिरवलं आणि त्यांच्याकडे पाठ करून बसले. मागे ह्यांचा श्वास ऐकू येत होता. जेवणाची गाडी येईपर्यंत आम्ही तसेच होतो.